साबण मुरेपर्यंत

मी एक जुनी सलूनची खुर्ची आहे, आणि खुर्ची असूनही मला स्वस्थ बसता येत नाही. आत्ताही माझ्यावर एक गृहस्थ बसले आहेत. त्यांचा उजवा गुडघा सारखा हलतो आहे आणि त्यांच्यापायी मी करकरते आहे. ते उठणार की बसून राहणार, हे अजून ठरायचे आहे. ते ठरेपर्यंत, मित्रांनो, मी माझी हकीकत सांगून टाकते. मधेच तुटली तर राग मानू नका.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यात झाला. आधी माझा जड, गोल पाया ओतला. त्यावर फिरता दांडा बसवला, पायाने दाबून वरखाली करायची पट्टी लावली. गादीवाल्याने तांबडे रेक्झिन ताणून ठोकले आणि डोके टेकायला छोटी उशी दिली. सगळ्यात शेवटी माझ्या उजव्या हाताखाली एक कळ बसवली. ती ओढली की माझी पाठ हळूच मागे जाते आणि बसणाऱ्याला समोरचे काही दिसेनासे होते, नुसते छत दिसते. माझा सगळा मोठेपणा त्या कळीत होता. फिटरने मला एक गिरकी देऊन पाहिली आणि म्हणाला, "ही काही एका जागी टिकायची नाही." तेव्हा मला ते कौतुक वाटले होते.

एका अरुंद रस्त्यावर सलून चालवणाऱ्या माणसाने मला विकत घेतले. तेच माझे मालक. एक गाळा, एक आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाकडे, आणि मधोमध मी. आरशाला फार गर्व होता, कारण गिऱ्हाईक उठताना त्याच्याकडे पाहून हसायचे. पण ते हसू माझ्यामुळे होते, हे त्याला कोण सांगणार?

मालकांची कामाची एक रीत होती. कापड दारात नेऊन झटकायचे, मानेभोवती बांधायचे, मग गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तळहात ठेवून म्हणायचे, "मान सरळ." कळ ओढून पाठ मागे न्यायची आणि म्हणायचे, "आता डोळे मिटा." मग ब्रशने फेस. फेस लावला की लगेच वस्तरा लावायचा नाही, साबण मुरू द्यायचा. केस मऊ पडेपर्यंत मालक वस्तऱ्याला धार लावत, कात्र्या पुसत, रस्त्यावरच्या कुणाची तरी विचारपूस करत. तेवढ्यात गिऱ्हाईक झोपी जाई. एक बसचालक तर घोरायचे. "घरी डोळा लागत नाही हो, इथे काय घालता साबणात?" असे ते विचारत, आणि मालक म्हणत, "साबणात काही नाही, खुर्चीत आहे." मित्रांनो, हे वाक्य मी अजून जपून ठेवले आहे.

मालकांच्या लेकीला मी फळीवरची म्हणून ओळखायची. लहान मुलांचे केस कापताना माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी ठेवत. त्या फळीवर ती बसायची, लाथा झाडायची आणि केस तोंडात गेले की थू थू करायची. मोठी झाल्यावर ती बापाच्या डाव्या बाजूला उभी राहून काम शिकली. तिचा हात बापापेक्षा हलका होता, आणि बापालाच त्याचा अभिमान जास्त. बायका आणि मुलांसाठी माझ्या शेजारी दुसरी खुर्ची आणायची, ती लेकीची खुर्ची, असे घरात ठरले होते. त्यासाठी आरशामागच्या डब्यात थोडे थोडे साठत होते. खरे सांगते, मला त्या न आलेल्या खुर्चीचा फार मत्सर वाटायचा.

शेजारचा गाळा कापडवाल्याचा होता. ते थकले, त्यांनी दुकान बंद केले, आणि तिथे 'झगमग' उघडले. यंत्रांचा जुगार, पण सरकारी परवान्याचा. उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले. रोजगार येईल, कर गोळा होईल, रस्ता सुधारेल, असे ते बोलले. खोटे कशाला बोलू, तसे झालेही. रस्त्यावर नवे दिवे लागले, फरशी बसली, कोपऱ्यावर दोन छान बाक आले. आमच्याच गल्लीतल्या एका बाईला तिथे झाडूपोछ्याचे काम मिळाले. पूर्वी ती मुलाचे केस कापून घेऊन उधारी सांगायची, आता रोख द्यायची. तिच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही.

आमचाही धंदा वाढला. जिंकलेला माणूस दाढी करायला यायचा, वर खुशीने चार पैसे ठेवून जायचा. मालक हसत म्हणायचे, "शेजारी चांगला मिळाला." पण मला लवकरच चुकल्यासारखे वाटू लागले. माणसे माझ्यावर बसत, पण रेलत नसत. पाठ मागे नेली तरी मान ताठ. डोळे मिटा म्हटले की एक डोळा दाराकडे. गुडघे थडथडत. बसचालक आता घोरायचे थांबले होते. एक दिवस ते अर्ध्या हजामतीतच म्हणाले, "राहू दे मागचं, कॉलरमध्ये झाकतंय." आणि गेले. रस्त्यापलीकडच्या बेकरीवालीने डोके धुवायची वेळ घेऊन ठेवली आणि आलीच नाही. ती शेजारच्या दारातून आत गेली होती.

झगमगचा मॅनेजर मात्र रोज सकाळी दाढीला यायचा. मित्रांनो, इतक्या वर्षांत एवढा शांत माणूस माझ्यावर बसला नाही. त्याचा गुडघा कधी हलला नाही. मालकांनी एकदा सहज विचारले, "तुम्ही खेळता की नाही?"

"मी? छे हो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मला पगार आहे ना."

जाताना त्याने मालकांच्या हातात एक कुपन ठेवले. एक फेरी फुकट. शेजाऱ्याला भेट म्हणून.

मालकांनी ते कुपन बरेच दिवस आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले होते. मग एका दुपारी, गिऱ्हाइकाला फेस लावून झाल्यावर, त्यांनी ते काढले. "साबण मुरेपर्यंत आलोच," म्हणाले आणि शेजारी गेले. फेस सुकायच्या आत परतलेही. त्यांचा चेहरा उजळला होता. दुर्दैवाने ते जिंकले होते.

तेव्हापासून तीच सवय झाली. पूर्वी साबण मुरेपर्यंत वस्तऱ्याला धार लागायची, आता मालक शेजारी जायचे. फेस लावायचा, "आलोच" म्हणायचे आणि पळायचे. गिऱ्हाईक छताकडे बघत पडून राहायचे. फेस सुकून चेहरा ओढला जायचा, नाक खाजायचे, आणि कापडाखाली हात अडकलेले. मालक परत येत ते धापा टाकत. पुन्हा फेस, पुन्हा माफी. वस्तरा बोथट राहू लागला. ज्या हाताने कधी कुणाला ओरखडा काढला नाही, त्याच्या गिऱ्हाइकांच्या गालांवर आता तुरटी फिरू लागली.

एकदा आमच्या भागातले पोस्टमन दाढीला बसले होते. मोठे गप्पिष्ट आणि नियमाचे पक्के. मालकांनी त्यांचा उजवा गाल केला, डाव्या गालावर पुन्हा फेस चढवला आणि "हा मुरू दे, आलोच," म्हणून गेले. पोस्टमननी वाट पाहिली. बाकड्यावरच्या माणसांनी थट्टा सुरू केली, "पोस्टमनसाहेब, आज पत्र उशिरा पोचणार वाटतं." शेवटी ते वैतागून उठले आणि गळ्यात कापड, अर्ध्या तोंडाला फेस, अशा अवतारात मालकांना ओढून आणायला निघाले. सगळे बाकडे हसून लोटपोट झाले. मीसुद्धा हसले.

मालक थोड्या वेळाने परत आले. पोस्टमन आले नाहीत. कुणीतरी दारातून डोकावून सांगितले, "ते बसलेत की यंत्रासमोर! फेसासकट!" पुन्हा हशा झाला. त्या दिवशी ते कापड संध्याकाळी झाडूवाल्या बाईने आणून दिले. त्यानंतर पोस्टमन दाढीला आमच्याकडे आले नाहीत. त्या हशाची मला आता लाज वाटते.

मालकीणबाई एके दिवशी सरळ सलूनमध्ये आल्या. गिऱ्हाईक कोणी नव्हतेच. आरशामागचा डबा त्यांनी उघडून मालकांपुढे धरला. डब्यात काय नव्हते ते सांगायला नको.

"अगं, चोरून कुठे जातोय?" मालक म्हणाले. "परवाना आहे त्यांच्याकडे. सरकारनं परवानगी दिलीय, म्हणजे वाईट कसं असेल?"

"उंदराचं औषधपण दुकानात रीतसर मिळतं," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणून ते पोरांच्या ताटात वाढायचं का?"

मालकांचा पाय नकळत माझ्या पट्टीवर पडला आणि ते मला वर, खाली, वर, खाली करत राहिले. माझ्यावर कोणीही बसलेले नव्हते. लेक दारात उभी होती. तिने डबा आईच्या हातातून घेतला आणि जागेवर ठेवून दिला.

लेकीची दुसरी खुर्ची आली नाही. उलट, होती तीच गेली. मॅनेजरला म्हणे जुन्या थाटाची काही वस्तू हवी होती, दर्शनी यंत्रासमोर ठेवायला. मालकांनी मला विकले. मला हातगाडीचीही गरज पडली नाही. दोघांनी कलती करून, पाया घरंगळत, शेजारच्या दारातून आत नेले. निघण्यापूर्वी लेकीने मला ओल्या फडक्याने पुसले, अगदी पट्टीच्या खाचांपर्यंत. फळी मात्र तिने दिली नाही. "ती आमची आहे," एवढेच म्हणाली.

झगमगमध्ये खिडकी नाही, आरसा नाही, घड्याळ नाही. माणूस बसला की त्याला ना बाहेर दिसते, ना आपला चेहरा. माझ्या पाठीवर 'नशिबाची खुर्ची' अशी पाटी लावली, आणि मग काय विचारता! माझ्यावर बसायला भांडणे होऊ लागली. आयुष्यात एवढा मान मला मिळाला नव्हता आणि एवढा वीटही आला नव्हता. इथे कोणी रेलत नाही, सगळे माझ्या काठावर बसतात. बेकरीवाली बसायची, तिच्या पदराला पिठाचा वास यायचा. पुढे तो वास येईनासा झाला. बेकरी बंद झाल्याचे मला तसे कळले. चपलांचे दुकान बंद झाले, मग वह्यापुस्तकांचे. नवे दिवे आता बंद दारांवर प्रकाश टाकत होते.

मॅनेजर एकाच गोष्टीचा घोष करायचा, "आम्ही कुणाला हात धरून आणत नाही." हे खरेच आहे. तो कधीच कुणाचा हात धरत नाही. पडत्याचासुद्धा.

आणि मग एक दिवस माझ्यावर एक ओळखीचे वजन बसले. उजवीकडे किंचित कललेले, आयुष्यभर माझ्या त्याच बाजूला वाकून उभे राहिलेल्या माणसाचे. ते मालक होते. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी बसले नव्हते. गिऱ्हाइकाची जागा, म्हणायचे. बसल्या बसल्या त्यांच्या पायाने सवयीने पट्टी शोधली, मला बेताच्या उंचीवर आणले, आणि मग जणू चटका बसावा तसा तो पाय मागे घेतला. मला फार वाईट वाटले. माझ्या मालकांना माझी ओळख नको होती.

ते रोज येऊ लागले. सलून लेक चालवत होती. लाकडी स्टुलावर गिऱ्हाइके बसवून, मान हाताने धरून, कसेबसे. भिंतीपलीकडून तिच्या कात्रीचा आवाज मला ऐकू यायचा. मालकांच्या मागच्या खिशात सलूनची किल्ली असे. ती माझ्या गादीत रुतायची, त्यावरूनच मला कळायचे की सलून अजून आमचे आहे. मॅनेजरला तो गाळा हवा होता. मधली भिंत पाडून यंत्रे वाढवायची होती. "किल्ली द्या, इथली मागची सगळी उधारी मिटली समजा, वर खेळायलाही उरेल," तो म्हणायचा. मालक म्हणायचे, "उद्या बघू." एवढ्या दोन शब्दांवर त्या मुलीचे काम टिकून होते.

एका सकाळी गादीत किल्ली रुतली नाही. मालकांनी ती आधीच काढून माझ्या डाव्या हातावर ठेवली होती. मॅनेजर म्हणाला, "शहाणपणाचं केलंत. बसा, मी कागद घेऊन येतो." तो आतल्या खोलीत गेला. मालकांनी बटण दाबले. चित्रे फिरू लागली. किल्ली माझ्या हातावर खुळखुळत होती, कारण आता मालकांचाही गुडघा हलत होता. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

तेवढ्यात झाडूवाली बाई लगबगीने बाहेर गेली. ती परत आली ती मालकांच्या लेकीला घेऊन. लेक कामातून उठून आली होती. खांद्यावर कापड, हातात फेसाची वाटी आणि ब्रश. मला वाटले, आता आरडाओरडा होणार. तसे काही झाले नाही. तिने माझ्या मागे उभे राहून कापड झटकले आणि बापाच्या गळ्याभोवती बांधले. डोक्यावर तळहात ठेवला.

"मान सरळ," ती म्हणाली.

मालक दचकले. पण मान सरळ झाली. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेले ते दोन शब्द त्यांच्या अंगात भिनले असणार. मग लेकीचा हात माझ्या उजव्या हाताखाली आला. ती कळ इथे कुणाला ठाऊकच नव्हती. माझी पाठ कुरकुरली, अडली, आणि मग पूर्वीसारखी हळूच मागे गेली. मालकांसमोरचे यंत्र दिसेनासे झाले. वर छत होते, काळे, जळमटांचे, बिनदिव्यांचे.

"डोळे मिटा, बाबा."

त्यांनी मिटले. लेकीने फेस लावायला सुरुवात केली. यंत्राने काहीतरी संगीत वाजवले. मालक जिंकले की हरले, ते कुणी पाहिले नाही. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आले आणि फेसात वाट काढत खाली गेले. त्यांचे सगळे वजन, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या पाठीवर आले. मी ते घट्ट धरले.

मॅनेजर कागद घेऊन बाहेर आला. "अहो ताई, हे काय चाललंय? हे सलून नाही!"

"मग सलूनची खुर्ची इथे काय करतेय?" लेक म्हणाली आणि ब्रश फिरवत राहिली.

"उठू दे मला," मालक पुटपुटले.

"साबण मुरेपर्यंत उठायचं नाही. तुम्हीच शिकवलंय."

थोड्या वेळाने मालकांचा हात कापडाखालून चाचपडत बाहेर आला. माझ्या डाव्या हातावरची किल्ली त्यांना सापडली. ती किल्ली त्यांनी मॅनेजरच्या बाजूला नेली नाही. उलट मागे नेली आणि लेकीच्या कमरेशी धरली. "तुझ्याजवळ ठेव," ते म्हणाले. "माझ्याजवळ नको. कधीच नको." मग ते उठले आणि तोंडभर फेस, गळ्यात कापड, तसेच भर रस्त्याने आपल्या दुकानात गेले. त्या दिवशी कुणी हसले नाही.

मला कुणी परत नेले नाही. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने कारागीर बोलावून माझी कळ कापून टाकली. आता मी मागे जाऊ शकत नाही, फक्त फिरू शकते. मागची उधारी काही मिटली नाही, सलूनला ती अजून फेडावी लागते आहे. भिंतीपलीकडे आता दोन कात्र्या चालतात. मधेच त्यातली जड कात्री थांबते. कधी कधी एक पाऊल झगमगच्या दाराशी येऊन थबकते, आणि मग मागे फिरते. ते कुणाचे ते मी ओळखते. प्रत्येक वेळी मला धसका बसतो.

आणि आता आत्ताचे सांगते. माझ्यावर बसलेले हे गृहस्थ म्हणजे तेच पोस्टमन आहेत. मालकांना शोधायला म्हणून आले आणि इथेच राहिले. नोकरी कशीबशी टिकून आहे, घरी परतायचे धैर्य रोज थोडे कमी होते आहे. गुडघा थांबत नाही. बोट बटणावर आहे.

पण ते पाऊल पुन्हा दाराशी आले आहे, आणि आज ते मागे फिरलेले नाही. मालक उंबऱ्याबाहेर उभे आहेत. खांद्यावर कापड आहे, हातात फेसाची वाटी आहे, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी दाराची चौकट पकडून ठेवली आहे. आत पाऊल टाकायचा त्यांचा स्वतःवर भरवसा नाही. मागे लेक उभी आहे.

"पोस्टमनसाहेब," मालकांनी हाक मारली आहे. "तुमची दाढी अर्धी राहिलीय. माझ्यामुळे राहिली. चला."

पोस्टमनचा हात नकळत डाव्या गालाकडे गेला आहे. मित्रांनो, मला पाठ मागे नेता येत नाही, पण गुडघ्याच्या धक्क्यासरशी मी जेवढी फिरता येईल तेवढी दाराकडे फिरले आहे. तुमच्या ओळखीचे कुणी असे एखाद्या खुर्चीच्या काठावर बसले असेल, तर त्याला शिव्या घालू नका, त्याची थट्टा करू नका, आणि परवाना आहे ना म्हणून गप्पही राहू नका. उंबऱ्यापर्यंत जा आणि नावाने हाक मारा. एकदा हाक मारून भागत नाही.

पोस्टमनचे वजन माझ्यावरून किंचित उठले आहे. अजून पुरते उठलेले नाही. मालक पुन्हा हाक मारत आहेत. तुम्हीही मारा.